दाढेतलं गाव

हॅलिफॅक्सच्या स्थलांतर कार्यालयात हेमांगी काटकर गेली ती भांडणाची तयारी करूनच. आईच्या आजारपणाची कागदपत्रं तिनं नीट लावून घेतली होती, आणि काय बोलायचं ते गाडीत नवऱ्यासमोर, शिरीषसमोर, दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. गेल्या पाच वर्षांतली बरीचशी तिनं साताऱ्याजवळच्या कोरेगावात काढली होती. तिच्या आईला, प्रमिलाबाईंना, अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वडील आधीच गेलेले. एकुलती एक लेक, जाणार नाही तर काय करणार?

पण कॅनडाचा नियम कुणाच्या आईच्या आजारपणासाठी थांबत नव्हता. कायम रहिवासी म्हणवून घ्यायचं तर पाचातली निदान दोन वर्षं त्या देशात काढायची. शिरीषनं केव्हाच तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. हेमांगीला भारतीय पासपोर्ट सोडवेना, म्हणून ती रहिवासीच राहिली होती.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून होई. मग माणसं शहाणी झाली. फोन आणि बँकेचं कार्ड भावाकडे ठेवायचं, भावानं त्यातून रोज दूध-पाव घ्यायचा, घरातले दिवे लावायचे आणि मालवायचे, आणि खुद्द रहिवासी दुबईत नोकरी करतोय. कागदोपत्री माणूस इथं, हाडामांसाचा तिथं. शेवटी सरकारनं कागदांना विचारणं सोडलं आणि हाडामांसालाच विचारायचं ठरवलं.

त्यामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण सारखं नसतं. पाण्यातले काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात, आणि समुद्रापासूनचं अंतर, थंडी, उंची यांप्रमाणे त्यांचं प्रमाण गावोगाव बदलतं. आपण जिथलं पाणी पितो तिथलं प्रमाण केसात उतरतं. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. हेमांगीची वेणी कमरेला टेकत होती. त्यातला एक केस मुळापासून टोकापर्यंत यंत्राखाली धरला, की कोणत्या महिन्यात ती कुठलं पाणी प्यायली ते ओळीनं वाचता येई.

केस दुसऱ्याचाही आणून देता येतो, म्हणून जोडीला दाढ. पहिल्या दाढेवरचं कवच, म्हणजे इनॅमल, जन्माच्या सुमाराला तयार व्हायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत थरावर थर चढत पुरं होतं. दाढ हिरडीतून वर येते ती त्यानंतर कितीतरी काळानं. हाड झिजतं आणि पुन्हा भरून येतं. इनॅमल मात्र एकदा झालं की मरेपर्यंत तेच. त्यात स्ट्राँशियम नावाचं मूलद्रव्य असतं. ते खडकातून मातीत, मातीतून पाण्यात आणि धान्यात, तिथून आईच्या दुधात आणि दुधातून बाळात येतं. स्ट्राँशियमच्या वेगवेगळ्या जाती आहेत, आणि खडक जितका पुरातन तितकी त्यातली एक जात अधिक सापडते. त्यामुळे माणसाचं बालपण कोणत्या खडकावर गेलं हे दाढ सांगते. लेझरनं खसखशीच्या दाण्याहून कमी भुकटी उडवली की काम होतं. आलेलं उत्तर फायलीतल्या जन्मगावाशी ताडून बघायचं, जुळलं की माणूस तोच.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता. त्याच्या शेजारी प्रयोगशाळेच्या डॉ. अबेना मेन्सा बसल्या होत्या. मूळच्या घानाच्या, हेमांगीच्याच वयाच्या, शांत चेहऱ्याच्या बाई.

"तुमच्या केसाबद्दल आमची काहीच तक्रार नाही," अधिकारी म्हणाला. "दोन वर्षांहून थोडा जास्तच काळ तुम्ही इथं होतात. ती अट पूर्ण झाली."

उघडलेली फाईल हेमांगीनं मिटली. एवढी तयारी फुकट गेल्याचं तिला जरा वाईटच वाटलं. "मग मला बोलावलंत कशाला?"

त्यानं डॉ. अबेनांकडे पाहिलं.

"तुमचं जन्मगाव कोरेगाव लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्या मुलखाखाली बेसाल्ट आहे. ज्वालामुखीतून आलेला काळा खडक, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. खडकांच्या मानानं पोरसवदाच. तुमची दाढ शेकडो कोटी वर्षांच्या खडकावर तयार झालीय. बेसाल्ट दिसतो तो अगदी शेवटच्या थरात, तुम्ही तीन वर्षांच्या व्हायला आल्यावर."

"काहीतरी अदलाबदल झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा स्वतः केलं."

अधिकाऱ्यानं फाईल पुढं ओढली. "जन्मदाखला ज्या मुलीचा आहे ती तुम्हीच आहात, हे आता तुम्हाला दाखवावं लागेल. आणि चौकशी संपेपर्यंत देश सोडू नका. सोडलात तर रहिवासाचा हक्क तुम्ही आपण होऊन सोडला, असं धरलं जाईल."

गाडीत बसल्याबसल्या तिनं कोरेगावला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आईला सांभाळणाऱ्या सुरेखानं फोन तिच्या कानाशी धरला.

"आई, मी लहान असताना आपण कुठं बाहेरगावी होतो का?"

पलीकडे सुरेखाला पंखा बारीक करायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "भामरागडला. तुझे आबा हिवताप निरीक्षक नव्हते का? गडचिरोलीकडं बदली झाली. हेमा सव्वा वर्षाची होती, तेव्हा गेलो."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"बोलण्यासारखं काय होतं तिथं? डास नि पाऊस."

शिरीषनं तिथल्या तिथं नकाशा काढला. भामरागडाखालचा खडक या पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी होता. दोघंही हसली. आई 'तू होतीस' न म्हणता, कुणा तिसरीबद्दल बोलावं तशी 'हेमा होती' म्हणाली, हे हेमांगीच्या कानावरून गेलं, पण मनात शिरलं नाही. घरात तिला सगळे हेमाच म्हणत. तिनं कार्यालयाला सविस्तर उत्तर पाठवलं आणि तो विषय संपवून टाकला.

आठवड्यानं डॉ. अबेनांनी तिला एकटीला प्रयोगशाळेत बोलावलं.

पडद्यावर तिच्या दाढेचं यंत्रानं घेतलेलं आतलं चित्र होतं, झाडाच्या कापलेल्या खोडासारखं रेघांनी भरलेलं. "जन्म म्हणजे बाळाला केवढा तरी धक्का असतो," त्या म्हणाल्या. "त्या काळात इनॅमल नीट बनत नाही. तिथं कायमची एक रेघ राहते. ही बघा. या रेघेच्या बाहेरचं ते जन्मानंतरचं. आतलं हे जरासं आहे ना, हे तुम्ही पोटात असतानाचं."

"बरं."

"तुम्ही म्हणता, कोरेगावात जन्म झाला आणि सव्वा वर्षाच्या असताना तिकडं गेलात. मग रेघेच्या आत आणि पुढचे बरेच थर बेसाल्ट हवा. तिथं तो कुठंच नाही. पोटात असतानाही तुम्ही त्या जुन्या खडकावरच होतात."

"माझी आई तर कोरेगाव सोडून त्याआधी कुठं गेलेलीच नाही."

डॉ. अबेनांनी पडदा बंद केला.

हेमांगीची जीभ आपोआप त्या दाढेवर गेली. आयुष्यभर जिनं घास चावला ती दाढ, आणि आता ती तोंडात दुसऱ्याची वस्तू असल्यासारखी लागत होती.

"अहवालात हे मला लिहावंच लागेल," डॉ. अबेना म्हणाल्या. "पण कार्यालयात परक्या माणसांसमोर तुम्ही ते पहिल्यांदा ऐकावं, असं मला वाटलं नाही."

त्या दिवशी आईला तिनं एवढंच विचारलं, "माझा जन्म कुठं झाला?"

"फोनवर नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तू ये."

शिरीषनं तिला हरप्रकारे समजावलं. "आत्ता गेलीस तर परत यायचा रस्ता बंद. पंचवीस वर्षांचा संसार आहे आपला इथं. मनवाची बाळंतपणाची वेळ जवळ आलीय, लेकीला तू नको?"

"हवीच आहे."

"मग जरा व्यवहारानं वाग. असं सांग की जन्म भामरागडचा, नोंद तेवढी नंतर कोरेगावात केली. आईंनी तसं प्रतिज्ञापत्र दिलं की यंत्राचंही समाधान आणि सरकारचंही."

"पण खरं काय आहे, शिरीष?"

"ते कळून तू काय करणार आहेस?"

तिनं कपाटातून बॅग काढली. दोन दिवसांनी ती विमानात बसली.

कोरेगावच्या घरात दुपारचं ऊन खिडकीतून आईच्या खाटेपर्यंत आलं होतं. प्रमिलाबाईंनी सुरेखाला बाजारात पाठवलं. लेकीला जवळ बसवून घेतलं, आणि चांगला असलेला उजवा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"हेमा श्रावणात गेली," त्या म्हणाल्या. "भामरागडला. तापानं."

हेमांगीला वाक्याचा अर्थ लागेना. कान शब्द घेत होते, पण ते कुणाबद्दल आहेत हे डोकं मान्य करत नव्हतं. आपल्या मरणाची बातमी आपल्याच आईच्या तोंडून ऐकावी, आणि ती सांगणाऱ्या आईचा हात आपल्या गुडघ्यावर असावा, असं ते काहीतरी होतं.

"तुझे आबा पाड्यापाड्यांवर गोळ्या वाटत हिंडायचे. रक्ताचे थेंब काचेवर घ्यायचे. आणि घरात पोर तापली, तेव्हा नदी चढलेली. ते पलीकडं अडकले. मी एकटी. ते आले तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. गार झालेली."

"आणि मी?"

"पूर ओसरला तसे ते पुन्हा बाहेर पडले. घरात बसवेना त्यांना. एका पाड्यावर ताप घरोघर फिरला होता. तुझी आई त्यातच गेली होती, बाप त्याच्या आधी. म्हातारी आजी तेवढी उरलेली, तीही तापात. ती म्हणाली, हिला ने, मी काय आता उठत नाही. सायकलच्या दांडीला टॉवेल बांधून तुला आणलं त्यांनी. पुढं आठवड्यानं गेले, तर म्हातारीही गेलेली."

प्रमिलाबाईंनी पाण्याचा घोट मागितला, हेमांगीनं तो पाजला.

"मी तुझ्याकडं बघायची नाही. माझी कुठाय, ही कुणाची आणलीत, म्हणून त्यांच्या अंगावर जायची. मग एका सकाळी भाकरी करत होते, तर तू मागनं येऊन पदर धरून उभी राहिलीस. तुमच्या बोलीत काहीतरी म्हणालीस. मला कळलं नाही. मी भाकरीचा तुकडा दिला. तो तू मोडलास, नि अर्धा माझ्यापुढं धरलास. त्यानंतर मी तुला खाली ठेवलं नाही."

"पण तिच्या मरणाची नोंद?"

"त्यांच्याच्यानं होईना. हिवताप निरीक्षकाची पोर हिवतापानं गेली, हे स्वतःच्या हातानं कसं लिहायचं? मग इकडं बदली झाली. लोकांनी हेमाला बघितलेलं ती रांगत होती तेव्हा. दीड वर्षानं तुला बघून म्हणाले, पोर उन्हानं रापली. आम्ही मान हलवली. तिचाच दाखला शाळेत दिला."

"माझं नाव काय होतं?"

"आजी जैनी म्हणायची. आम्ही हेमा म्हणायला लागलो, नि तू ओ द्यायला लागलीस."

हेमांगी उठून परसात गेली. दोरीवर आईची लुगडी वाळत होती, ती तिनं उगीचच काढली, घडी केली आणि पुन्हा वाळत घातली. पन्नाशी ओलांडलेली बाई आपण. शाळा, लग्न, संसार, लेक, सगळं केलं, आणि ते सगळं एका मेलेल्या मुलीच्या नावावर. रडू येईल असं वाटत होतं, ते येतच नव्हतं. तिनं शिरीषला फोन करून जसं ऐकलं तसं सांगितलं.

"मग मी लग्न कुणाशी केलं?" तो म्हणाला.

"मलाही तेच विचारायचंय कुणाला तरी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वकिलाकडून मजकूर करून पाठवला. 'माझी कन्या हेमांगी हिचा जन्म भामरागड येथे झाला असून नोंद सोयीसाठी कोरेगाव येथे केली आहे.' एक सही, आणि रहिवास, पासपोर्ट, घर, सगळं होतं तसं राहणार होतं. हेमांगीनं तो आईपुढं ठेवला. आपण हे करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि मनवाचं पोट डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"हेमा इथं जन्मली," त्या म्हणाल्या. "आतल्या खोलीत. सुईण उशिरा आली म्हणून तुझ्या आत्यानं नाळ कापली. सव्वा वर्ष इथं वावरली, तेवढंच तिचं जगात राहिलंय. बाकी सगळं तुला दिलं मी, तिचं नाव, तिचे कपडे, तिची शाळा. आता हे एवढं पण काढून घेऊ?"

तिनं कागद उचलला.

संध्याकाळी जेवण भरवून झाल्यावर प्रमिलाबाईंनी हात पुढं केला. "आण तो कागद. ती गेलीय, तू आहेस. माझी नातही तिकडं अवघडलीय. जिवंत लेकीचं बघायला नको का?"

पेन त्यांनी बोटांत धरलंही होतं. हेमांगीनं ते काढून घेतलं.

"राहू दे, आई."

"अगं, तुझं सगळं जाईल."

"जाऊ दे. माझ्यासाठी तिला दोनदा मारू नकोस."

तेव्हा कुठं तिला रडू आलं. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या, कधी न पाहिलेल्या एका मुलीसाठी ती आईच्या खाटेच्या कडेला डोकं टेकून रडली, आणि आई एका हातानं तिची वेणी कुरवाळत राहिली.

तिनं कार्यालयाला सगळं खरं कळवलं. देश सोडल्याबद्दल हक्क रद्द का करू नये, अशी नोटीस आली. सुनावणी पडद्यावरूनच झाली. तीत डॉ. अबेनांची साक्ष झाली. त्यांनी दाढेचं आणि केसाचं चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. "दाखला दुसऱ्या मुलीचा आहे," त्या म्हणाल्या. "पण या देशात ज्या बाईला रहिवास दिला, जी इथलं पाणी पीत इतकी वर्षं राहिली, ती हीच बाई आहे. हिनं कुणाची जागा घेतली असेल, तर स्वतःचं नावही नीट सांगता येत नसताना घेतली. आपण रहिवास माणसाला देतो की कागदाला, एवढंच ठरवायचंय."

निकाल यायला वेळ लागला. त्या मधल्या काळात मनवाला मुलगी झाली. हेमांगीनं ती फोनवर पाहिली आणि फोन आईपुढं धरला. पणतीला बघून प्रमिलाबाई म्हणाल्या, "भाकरी मोडून देणाऱ्यांतली दिसतीय." हेमांगीला हसू आलं, आणि हसताना आपण किती लांब बसलोय तेही कळलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला, पण एका अटीवर. रहिवास कायम राहील, मात्र तो तिच्या स्वतःच्या जन्मनोंदीवर हवा. आणि भारतात तिची नवी जन्मनोंद व्हायची, तर आधी हेमांगी दिनकर बर्गे या मुलीच्या, म्हणजे मूळ हेमाच्या, मृत्यूची नोंद भामरागडला व्हायला हवी होती. एका माणसाच्या दोन नोंदी सरकार ठेवत नाही.

नागपूरच्या विमानतळावर ती उतरली, तर दारात शिरीष उभा. हॅलिफॅक्सहून तो परस्पर तिथं आला होता.

"त्या दिवशी फोनवर मी जे बोललो..." त्यानं सुरुवात केली.

"बरोबरच होता प्रश्न."

"उत्तर मला माहीत होतं. उशिरा सुचलं, एवढंच." त्यानं तिची बॅग घेतली.

आल्लापल्लीच्या जंगलातून गाडी भामरागडला पोचली तेव्हा दुपार झाली होती. तो पाडा आता रस्त्याकडेला हलला होता. तिथल्या म्हाताऱ्यांना तापाचं ते साल आठवत होतं, पण जैनी नावाची कुणी पोर आठवत नव्हती. त्या नावाच्या कितीतरी होत्या. एका म्हातारीनं तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आपल्या माडिया बोलीत काहीतरी म्हणाली आणि सोडून दिला. बोली समजावून द्यायला बरोबर घेतलेल्या तिथल्या शिक्षकानं सांगितलं, "त्या म्हणतात, थकलेली दिसतेस, बस जरा." हेमाला जिथं पुरलं होतं तो काठ नदीनं केव्हाच खाऊन टाकला होता. हेमांगी पाण्याच्या कडेला बसली. पायाखालचा खडक करडा, चकाकणाऱ्या कणांचा होता. तिनं त्यावर तळहात टेकवला. काहीच ओळखीचं वाटलं नाही.

नोंदणीच्या कार्यालयात एक तरुण कारकून बाई संगणकासमोर बसल्या होत्या. इतक्या जुन्या मृत्यूची नोंद करण्याचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश त्यांनी दोनदा वाचला.

"मृताचं नाव?"

"हेमांगी दिनकर बर्गे."

"जन्मस्थळ?"

"कोरेगाव. जिल्हा सातारा."

"वय?"

"दोन वर्षं."

"मृत्यूचं कारण?"

"हिवताप," हेमांगी म्हणाली. वडिलांच्या हातून जो शब्द उमटला नव्हता तो बाईंनी टाइप केला.

"माहिती देणाऱ्याचं नाव?"

तिनं तेच नाव सांगितलं, आडनाव तेवढं काटकर. निघताना आईनं बजावलं होतं, नाव बदलू नकोस, तिला ते फारसं वापरायला मिळालं नाही. बाईंनी आधी पडद्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. बोटं कळफलकावर थांबली.

"मृताशी नातं?"

शिरीष मागं उभा होता. हेमांगीनं वळून पाहिलं नाही.

"बहीण," ती म्हणाली.